बिनखिडकीच्या बाथरूमचा रंग

५ जानेवारी, रविवार

मला रोजनिशी लिहायची सवय नाही आणि हौसही नाही. लिहावं लागतंय, कारण आज सकाळी यांनी बाथरूममधल्या पाण्याच्या ड्रममध्ये लघवी केली. महिन्याभरात तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा मी कुणाला बोलले नव्हते.

नळ परवाच येऊन गेला. पुन्हा यायला निदान पाच दिवस. भरलेला ड्रम आडवा करून सगळं पाणी सोडून दिलं. साबणाने तीनदा धुतला. हे दारात उभे. "अहो बाई, पाणी कशाला सांडताय?" अगदी कळवळून म्हणाले. एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर होते. बायको ओळखू आली नाही तरी पाणी ओळखू येतं.

दीपकला पुण्याला फोन केला. मुलाला बापाबद्दल असलं सांगायची पहिलीच वेळ. तो ओरडला नाही. म्हणाला, "आई, तू दर वेळी 'ठीक चाललंय' म्हणतेस. आता रोजचं लिहून ठेव. होळीला येईन तेव्हा वही बघू." पैठण रोडवरच्या संस्थेत त्याने बाबांचं नाव घालून ठेवलेलं आहे. जागा होळीनंतर होते म्हणाले.

मी शब्द दिला. होळीपर्यंत हे आपले आपण संडासला जायला लागले तर घरी राहतील. नाहीतर मी आडवी येणार नाही. मला एकाहत्तरावं चालू आहे, डावा खांदा कामातून गेलेला आहे, यांचं वजन ऐंशी किलो. प्रश्न मायेचा नाही, उचलण्याचा आहे.

खुणा ठरवल्या. स्व. = स्वतः गेले. मी = मी नेलं. चु. = चुकीच्या जागी.

आज: स्व. ०, मी ४, चु. २.

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, "काकू, डोळे चांगले आहेत त्यांचे. पण पांढऱ्यावर पांढरं असलं की मेंदूला वस्तू सुटी दिसत नाही. कमोड ठळक दिसेल असे रंग द्या. बघा फरक पडतो का."

"पडेल ना?"

"बघा."

मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असलं उत्तर एकाही पोराकडून घेतलं नाही.

घरी येऊन बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले. ट्यूब लावली, चष्मा काढला. पांढऱ्या टाइल्स, पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरं बेसिन. बादलीसुद्धा पांढरी. सगळं एकमेकांत विरघळलेलं. एकच गोष्ट ठसठशीत: निळा ड्रम. मलाही जायचं असतं तर मी तिकडेच गेले असते.

हा पांढरा रंग माझा हट्ट. पांढऱ्यावर घाण दिसते, म्हणून पांढरं. घर बांधलं तेव्हा गवंड्याशी भांडून टाइल्स बदलून घेतल्या होत्या.

खिडकी होती एकेकाळी. शेजारच्या खरातांनी मजला चढवला तेव्हा त्यांची भिंत आमच्या खिडकीला येऊन टेकली. भांडणार कुणाशी? पुंडलिकनगरातले सगळेच प्लॉट असे चिकटून. खिडकी विटांनी बुजवली, विटांवर टाइल्स लावल्या. पांढऱ्याच.

मी ५, चु. १.

८ जानेवारी, बुधवार

ड्रम बाथरूममधून काढून पॅसेजमध्ये ठेवला. हे पॅसेजमध्ये गेले.

ड्रमवर जुनी सतरंजी टाकली. चु. ३.

११ जानेवारी, शनिवार

मुनीरभाई आले. आमच्या घराला पहिला रंग त्यांनीच दिला होता. दाढी पूर्ण पांढरी झाली, शिडीवर अजून स्वतः चढतात. बाथरूमच्या मधोमध उभे राहून चारी भिंती बोटाने वाजवून बघितल्या.

"बाई, बिनखिडकीकू आसमानीच पाहिजे. सगळे आसमानीच मारतात. माणूस आत गेला तर त्याचा जीव नको घाबरायला."

मी सांगितलं, जीव माझा नाही घाबरत, यांना कमोड दिसला पाहिजे.

"हौ, मग आसमानीवर सफेद कमोड कसा दिसंल! बगळ्यासारखा दिसंल."

फरशीचंही बोलणं झालं. पांढरी फरशी नकोच. फरशीवर मारायचा वेगळा रंग मिळतो, दोन डबे मिसळून लावायचा. भिंतीपेक्षा गडद निळा घेऊ, म्हणजे भिंत कुठे संपते ते कळेल. मला पटलं. कारणासहित बोलणारा माणूस मला पटतो.

हे तोवर मुनीरभाईंच्या पिशवीतला पटाशीसारखा पत्रा काढून खिशात घालत होते. मुनीरभाई हसले. "राहू द्या, साहेब. तुमचाच आहे." निघताना मी काढून परत दिला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

खरातवहिनी तिळगूळ घेऊन आल्या. रंगाचं कळलेलंच होतं. "आकाशीच द्या, ताई. आमच्याच भिंतीनं तुमची खिडकी गेली, माझ्या मनाला लई लागतं. आकाशी दिला म्हंजे तेवढंच आभाळ."

यांना म्हणाल्या, "काका, तिळगूळ घ्या, गोड बोला." हे म्हणाले, "आम्ही वाईट कधी बोललो?" खरं आहे. वाईट बोलायचं खातं घरात माझ्याकडे होतं.

दीपकचा फोन. म्हणतो, भिंतीवर खोटी खिडकी लाव. फ्रेम मिळते, पलीकडे डोंगर दिसतो. ऑर्डर करतो. मी नको म्हटलं. तरी केली.

मी ४, चु. २.

१६ जानेवारी, गुरुवार

औरंगपुऱ्यात जाऊन रंग ठरवला. यांना दोन तास खरातवहिनींकडे बसवलं. दुकानात कार्ड उलगडलं तर एका निळ्याच्या चाळीस तऱ्हा. पोरगेलासा दुकानदार विचारतो, "आजी, मूड कसा पाहिजे, रिलॅक्सिंग का फ्रेश?" मी म्हटलं, "कमोड दिसायला पाहिजे." त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग कार्डावर पांढरा कागद ठेवून ठेवून मीच बघितलं. कागद सर्वांत उठून दिसला तो घेतला.

परत येताना रिक्षात डबे मांडीवर धरले. किती दिवसांनी काहीतरी घेऊन घरी येत होते. नवं घर करताना यायचं तसं.

२० जानेवारी, सोमवार

काम सुरू. टाइल्स घासून घेणं, सांध्यांत लांबी भरणं, प्रायमर. घरभर धूळ.

चार दिवस बाथरूम बंद, म्हणून यांना खरातांकडे खालच्या संडासला नेलं. आत गेले आणि तसेच बाहेर आले. "लोकांच्या घरी कसं जायचं?" खरातवहिनी म्हणाल्या, "अहो काका, लोकं कोण? घरचेच हाव आम्ही." हे हात जोडून उभे. नाहीच गेले. जन्मभर असेच. लग्नाकार्याला गेले तरी घरी येईपर्यंत कळ काढायचे.

दवाखान्यातलं भांडं आणलं. मी ६. खांदा.

२४ जानेवारी, शुक्रवार

रंग वाळला. खरंच सुंदर दिसतंय. भिंती फिकट, फरशी गडद निळी, ट्यूबखाली चकचकीत. मधोमध कमोड पांढराशुभ्र. कोपऱ्यात खरातवहिनींनी आणलेला प्लॅस्टिकचा वेल. मी दार लावून उगाच पाच मिनिटं आत उभी राहिले.

मग यांना आणलं.

उंबऱ्यावर थांबले. खाली बघितलं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला. "चेंबर भरलंय," म्हणाले. "व्हॉल्व्ह कुणाच्या ड्यूटीत आहे?"

"अहो, रंग आहे तो."

"रंग? पाण्याला रंग असतो व्हय? चावी आणा आधी."

मी चपला काढून आत गेले. फरशीवर पाय आपटून दाखवला. "हे बघा, कोरडं आहे. बघा." तर यांनी माझा दंड धरून बाहेर ओढलं, तोच दुखरा हात. "अगं, वेडी का काय तू? बुडशील!"

अगं म्हणाले. चार महिने झाले, मला नुसतं "बाई" म्हणत होते.

शेवटी पॅसेजमध्येच झाली. मी पुसली. पुसताना हे शेजारी उभे राहून पाणी कुठून गळतंय ते शोधत होते.

२५ जानेवारी, शनिवार

पाण्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसासाठी मी फरशी निळी केली. औरंगपुऱ्यापर्यंत जाऊन कार्डातला सर्वांत पाण्यासारखा रंग निवडून आणला. बी.एस्सी., बी.एड.

चु. ५.

२९ जानेवारी, बुधवार

मुनीरभाईंना पुन्हा बोलावलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. उंबऱ्यावर यांच्यासारखेच उभे राहून खाली बघितलं.

"हौ बाई. पानीच दिसतंय. गलती माझी बी आहे." मग म्हणाले, "साहेबकू जमीन दाखवा. माती. पाय ठेवायला डर नाय वाटली पाहिजे."

ठरलं. फरशी शहाबादी फरशीसारखी, मळकट राखाडी, चमक नसलेली. कमोडमागची भिंत गेरूची, गडद. बाकीच्या भिंती हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिवळ्या.

"बाई, खरं सांगू? दिसायला चांगलं नाय दिसणार."

"चांगलं दिसून झालं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा रंग पूर्ण. देवळाच्या ओवरीसारखं दिसतं. दी.ची (दीपक, आता त्यालाही खूण) डोंगराची फ्रेम आली. माळ्यावर टाकली. पण खोली लहान वाटते म्हणून बेसिनवर मोठा आरसा लावून घेतला. तो मुनीरभाईंचा सल्ला नव्हता, माझाच.

हे आत आले! फरशीवर पाय ठेवला. दोन पावलं टाकली. थबकले. "माफ करा," म्हणाले आणि मागे फिरून दार लावून घेतलं.

"काय झालं?"

"आत गृहस्थ आहेत."

पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून त्या गृहस्थांचं आटोपायची वाट बघत राहिले. वीस मिनिटांनी दारावर टकटक केली. "साहेब, जरा लवकर आटोपा." हसायला आलं मला, मग हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. पायजमा बदलला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आरसा काढला. भिंतीत चार भोकं राहिली. असू देत.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्व. १.

मी स्वयंपाकघरात होते. पाण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर दार ढकलून आपले आपण गेले होते, बसले होते, पाणी टाकून नाडी बांधत होते. मला बघून रागावले. "कडी नाही का दाराला?"

कणीक मळायची राहिली. तशीच बसून राहिले जरा वेळ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवस: स्व. १४, मी ५, चु. १.

दी.ला फोनवर आकडे वाचून दाखवले. म्हणाला, "आई, आवाज बदललाय तुझा." मी म्हटलं, सर्दी आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्व. ४, मी ०, चु. ०. सलग तिसरा दिवस. खरातवहिनी मुद्दाम बाथरूम बघायला आल्या. "रंग लई उदास हाय हो, ताई," म्हणाल्या. मी म्हटलं, मला जगात यापेक्षा चांगला रंग माहीत नाही.

मुनीरभाईंना फोन करून सांगितलं. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाले. "साहेबकू सलाम सांगा."

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना हे मला म्हणाले, "तुमच्याकडे चांगली सोय आहे."

मी म्हटलं, कसली?

"बाथरूमची. रंगबिंग छान दिलाय. नवं दिसतंय."

"हो."

"आता आम्हाला निघायला पाहिजे. उशीर झाला."

लिहून ठेवते. अर्थ लावत नाही. स्व. २, मी १, चु. १.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर दारात उभे. पिशवीत टॉवेल आणि एक चप्पल. "आमचं घर पुंडलिकनगरात आहे," म्हणतात. "पांढरं बाथरूम आहे. इथून रिक्षा मिळेल का?"

हात धरून आत नेलं. कमोड दाखवला. दिसत होता त्यांना, बोट दाखवून म्हणाले, "हो हो, दिसला." पण गेले नाहीत. "लोकांच्या घरी कसं जायचं?"

आता कळलं. मी रंग असा दिला की कमोड दिसतो. आणि असा दिला की घर त्यांचं राहिलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल रात्रीपासून कळ धरून बसले आहेत. पोट फुगलंय. खरातवहिनींनी समजावलं, दी.ने फोनवरून समजावलं. सगळ्यांना एकच उत्तर, अगदी अदबीने, "घरी गेल्यावर जाऊ."

मी ओरडले. खूप ओरडले. शाळेतसुद्धा इतका आवाज चढवला नव्हता. "हेच घर आहे तुमचं! मीच आहे! जा!" ते घाबरून भिंतीला टेकले. दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "बाई, आम्ही काही घेतलेलं नाही."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे लघवी तुंबली. दवाखाना. नळी घातली. डॉक्टरांनी विचारलं, "किती तास झाले होते?" मला तास सांगता आले नाहीत. वही घरी राहिली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास धरला नाही. कधी नव्हे ते.

स्व., मी, चु. काही नाही. पिशवीत जमतं, मी ओतते.

१ मार्च, शनिवार

घरी आणलं. नळी अजून दहा दिवस ठेवायची, मग काढून बघायचं. दहा तारखेला काढतील. होळी तेराची. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस.

दी. म्हणतो, "आई, कशाला आता?" मी म्हटलं, होळीपर्यंत म्हणजे होळीपर्यंत.

४ मार्च, मंगळवार

विचार करून ठरवलं. भिंती आणि फरशी पुन्हा पांढरी करायची, म्हणजे घर त्यांचं होईल. कमोडची सीट आणि झाकण तेवढं गडद, म्हणजे दिसेल. दोन्ही साधतं. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. नुसती सीट बदलायची होती. एवढंच होतं. सबंध खोली उलटीपालटी करायची गरजच नव्हती.

पाच दुकानं फिरले. सीट पांढरी, नाहीतर सायीच्या रंगाची. गडद मरून रंगाची कुठेच नाही. शेवटी मुनीरभाई म्हणाले, "घ्या ती सफेद. मैं उसकू रंगवतो."

८ मार्च, शनिवार

तिसरा रंग. मुनीरभाईंनी एकट्याने तीन दिवसांत केलं. गेरूवर पांढरा बसेना, चार हात द्यावे लागले. सीट बाहेर उन्हात ठेवून मरून केली. आरशाची भोकं बुजवली. मी न सांगता माळ्यावरून जुना पांढरा मगही शोधून आणून त्यांनी जागेवर ठेवला.

जाताना म्हणाले, "बाई, माझी अम्मी बी शेवटी असंच घर विचारायची. त्याच घरात पैदा झाली ती." मी चहा पुढे केला.

१० मार्च, सोमवार

नळी काढली. दुपारी घरी. भरपूर पाणी पाजलं. पॅसेजमध्ये वाट बघत बसले.

साडेचारला हे उठले. दार ढकललं. मी चार पावलं मागे. आत उभे राहिले, चारी बाजूंनी बघितलं. भिंतीवरून तळवा फिरवला. वळून माझ्याकडे बघून हसले. "हे आपलंच आहे की!"

"हो. आपलंच."

"बरं झालं, आलो घरी."

मरून सीटकडेही बघितलं. झाकण उघडलं. पुन्हा मिटलं. मग तिथेच उभ्या उभ्या, हसत, पायजम्यात झाली. त्यांना कळलंही नाही. पायांखालचं दिसलं तेव्हा वाकून म्हणाले, "गळतंय कुठून?"

पांढऱ्या फरशीवर सगळं स्वच्छ दिसत होतं.

घर ओळखलं. कमोड दिसला. आता त्याचं काय करायचं ते डोक्यातून गेलं. त्याला रंग नाही.

११ मार्च, मंगळवार

स्व. ०, मी ३, चु. ४.

१३ मार्च, गुरुवार. होळी

दी. आला. पुरणपोळी केली. यांनी दोन खाल्ल्या. वही दी.ला दिली. तो पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून वाचत गेला. मी भांडी घासली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, तीनदा रंग?"

"तीनदा."

"मला सांगायचं ना."

"लिहिलं ना."

तो बाथरूममध्ये जाऊन आला. नळ सोडून तोंड धुतल्याचा आवाज. बाहेर आल्यावर म्हणाला, "एक महिना. महिना ठेवून बघू. नाही जमलं तर परत आणू." मी शब्द दिला होता. तरी आडवी येईन असं क्षणभर वाटलं. खांदा हलवून बघितला.

१७ मार्च, सोमवार

साडेनऊला निघालो. हे पुढे, दी.शेजारी. पैठण रोडला पाण्याची मोठी लाइन रस्त्याच्या कडेने जाते. सबंध रस्ता तिच्यावर नजर. एके ठिकाणी दी.ला म्हणाले, "ड्रायव्हर, हळू. लीकेज आहे." होतं.

संस्था स्वच्छ आहे. आवारात कडुलिंब. खोलीत दोन कॉट, दुसऱ्या कॉटवर एक निवृत्त पोस्टमास्तर झोपलेले. हे त्यांच्या उशाशी जाऊन हळूच म्हणाले, "गृहस्थ दमलेत."

सिस्टर तरुण, चटपटीत. मला आवडली. फॉर्म तिने भरला, मी सांगत गेले. झोप, जेवण, कवळी, गोळ्या, भीती कशाची वाटते. मी म्हटलं, निळ्या फरशीची. तिने लिहून घेतलं, का ते विचारलं नाही.

मग अकराव्या रकान्याशी थांबून म्हणाली, "काकू, आमच्याकडं प्रत्येकाच्या दाराला त्यांच्या आवडत्या रंगाची रुंद पट्टी लावतो. लांबून आपली खोली कळते त्यांना. काकांचा आवडता रंग कोणता?"

मला माहीत नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षं. शर्ट मी आणले, पडदे मी आणले. दोन महिन्यांत तीनदा भिंती रंगवल्या. मुनीरभाईंना विचारलं, खरातवहिनींनी न विचारता सांगितलं, दुकानदाराशी वाद घातला. दी.कडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

उठून यांच्याकडे गेले. कॉटच्या कडेला बसले होते, पाय जमिनीला नीट टेकवून.

"अहो, तुम्हाला कोणता रंग आवडतो?"

विचार केला त्यांनी. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "आमच्या मंडळींना विचारा, बाई. घरातलं सगळं त्याच बघतात."

सिस्टर म्हणाली, "असू द्या, काकू. रविवारी याल तेव्हा सांगा. तोवर दार तसंच ठेवते."

सोपवलं:
पायजमे ६, बंड्या ६, शर्ट ४ (सगळे मी आणलेले).
स्वेटर १. टॉवेल २.
चष्मा १, कवळी डबीसह.
गोळ्या पंधरा दिवसांच्या, वेळा लिहून.
दवाखान्याची फाइल, नळीचे कागद वर लावून.
आधारची झेरॉक्स. फोटो २.
फॉर्म, पानं दोन, सही माझी. रकाना अकरा कोरा.